एका यंत्राचे दोन कारभारी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीची नेहमीची डागडुजी तिच्या निर्मात्यांनी थांबविली. ज्यांवर ‘विंडोज ११’ चढत नाही, अशी पुष्कळ धडधाकट यंत्रे त्यामुळे घराघरांत आणि कचेऱ्यांत अडचणीत आली. अशा यंत्रावर लिनक्स बसवावे. परंतु हिशेबाची वा अक्षरजुळणीची एखादी जुनी आज्ञावली विंडोजवाचून चालत नाही, म्हणून तेही राहू द्यावे, हा विचार साहजिकच सुचतो. आणि लागलीच शंका निघते: दोन ऑपरेटिंग सिस्टिम म्हटल्यावर संगणकाची गती निम्मी होणार नाही काय?

प्रश्न एक दिसला, तरी त्याच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. दोन प्रणाली यंत्रावर वस्तीला असणे निराळे आणि दोन्ही एकाच वेळी जाग्या असणे निराळे.

ऑपरेटिंग सिस्टिम हा यंत्राचा कारभारी होय. प्रोसेसरचा वेळ कोणास द्यावा, स्मृतीतील जागा कोणास द्यावी, हे तोच ठरवितो. ‘ड्युअल बूट’ या व्यवस्थेत संगणक सुरू होतानाच दोहोंपैकी एकाची निवड होते. दुसरा तबकडीवर निजून राहतो. निजलेल्याला वेळही लागत नाही आणि स्मृतीही लागत नाही. तेव्हा दोष त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. तबकडीवरील जागा तेवढी त्याच्यापायी अडते. घड्याळाचा एक गमतीदार घोटाळाही होतो. यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळ दाखविते असे विंडोज मानते, तर लिनक्स बहुधा ती जागतिक वेळ समजते. त्यामुळे भारतात प्रणाली पालटताच वेळ साडेपाच तासांनी चुकलेली आढळते. ही चूक किरकोळ आहे आणि दुरुस्तही होते.

दोन्ही जाग्या ठेवावयाच्या, तर गोष्ट पालटते. येथे एक प्रणाली यजमान होते आणि दुसरी तिच्या घरी पाहुणी म्हणून, एका आभासी यंत्रात नांदते. ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या केंद्रात ‘सीपी-४०’ ही प्रणाली १९६७ च्या आरंभी कामाला लागली. एकाच यंत्रावर ती १४ आभासी यंत्रे चालवी. त्या यंत्राची खरी स्मृती २५६ किलोबाइट. पण प्रत्येक आभासी यंत्राला वाटे, २५६ किलोबाइट सगळी आपलीच! जे त्या क्षणी लागत नसे, ते स्मृतीतून काढून बाहेरच्या साठ्यात ठेवावयाचे आणि हवे तेव्हा परत आणावयाचे, ही त्यामागील युक्ती.

या युक्तीची मर्यादा पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये स्पष्ट केली. प्रत्येक कामाला स्मृतीचा काही किमान तुकडा सतत हाताशी लागतो. या तुकड्यांची बेरीज खऱ्या स्मृतीहून मोठी झाली, की ने-आण करण्यातच सारा वेळ जातो आणि मूळ काम जवळजवळ थांबते. स्मृतीतील मजकूर मिळावयास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीवरून आणावयाचा, तर सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. हल्लीच्या एसएसडीने हे अंतर पुष्कळ कमी केले. तरी ते हजारपटींच्या घरात राहतेच. यंत्र हळूहळू मंदावत नाही, एकाएकी बसते, ते यामुळेच.

प्रोसेसरविषयीची भीती मात्र आता बरीचशी जुनी झाली. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आभासी यंत्रांना साह्य करणारी सोय प्रोसेसरमध्येच घातली. निव्वळ आकडेमोडीत पाहुणी प्रणाली आता यजमानाच्या फारशी मागे पडत नाही. चित्रांच्या आणि तबकडीच्या कामांत ती अजून रेंगाळते, कारण तेथे प्रत्येक मागणीला मध्यस्थ लागतो.

म्हणून ४ गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर आजकालच्या दोन प्रणाली एकदम जागविणे हा अविचार ठरेल; तेथे ड्युअल बूटच बरे. परंतु पाहुणी प्रणाली नवी असलीच पाहिजे, असेही नाही. अक्षरजुळणीची जुनी आज्ञावली २००१ च्या ‘विंडोज एक्सपी’वर चालत असेल, तर त्या प्रणालीला ५१२ मेगाबाइट पुरेशी होतात आणि ८ गिगाबाइटच्या यजमानाला तिचा भार जाणवतही नाही. मात्र २०१४ पासून तिची डागडुजी बंद आहे, म्हणून तिची इंटरनेटची वाट तोडून ठेवावी.