ग्रीनरूमच्या दारातून



 अनुदानं, सभागृहांची भाडी, तरुण श्रोत्यांची घटती संख्या यावर संगीत मंडळांच्या अधिवेशनाच्या अध्यक्षांनी बोलावं अशी रीत आहे. त्या विषयांवर उद्याच्या परिसंवादात माझ्यापेक्षा जाणती माणसं बोलणार आहेत. मला आपल्या सगळ्यांच्या एका सवयीबद्दल बोलायचं आहे.

मैफल संपते. बाहेर चहाच्या गाडीपाशी घोळका जमतो. दोन तास ऐकलेल्या यमनाबद्दल दोन वाक्यं होतात आणि मग खरा विषय निघतो. "बाई फार शिष्ट आहेत हो, फोटोला नाही म्हणाल्या." किंवा, "बुवा किती साधे! माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला." दुसऱ्या दिवशी गावभर हेच पसरतं. सहा महिन्यांनी मंडळाच्या बैठकीत पुढच्या वर्षाची नावं निघतात तेव्हा कुणीतरी हळूच म्हणतं, "त्यांना नको, त्यांचं फार असतं." नाव खोडलं जातं. त्या बाईंचा यमन कसा होता, हे त्या बैठकीत कुणीच विचारत नाही. चाळीसएक वर्षांच्या साधनेचा निकाल दारातल्या दोन मिनिटांवर लागतो.

त्या दाराच्या आत काय चाललेलं असतं, ते जरा जवळून पाहू. तानपुरे गाडीतून उतरतात ते बाहेरची दमट हवा खाऊन. एसीच्या गारव्यात आणले की तारा हलतात. आधी खुंट्या पिळून ढोबळ सूर लावायचा, मग घोडीमागचे मणी केसभर सरकवून बारीक सूर. त्यानंतर जवारीचा दोरा. तो घोडी आणि तार यांच्यामध्ये कणभर पुढे-मागे करत राहायचं, तार मोकळी गुंजेपर्यंत. चारही तारा जमल्या की खर्जातून कुणीच न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. त्या गंधाराची वाट पाहत गाणारी व्यक्ती डोळे मिटून बसलेली असते. शेजारी तबलजी हातोडीने गट्टे ठोकत असतो, पेटीवाला षड्ज धरून असतो. गाणारीच्या मनात रागाची पहिली आकृती अजून नीट उमटलेली नसते. ती बाहेरच्या एका शब्दानेही पुसली जाऊ शकते.

नेमकं याच वेळी दार उघडतं. हारतुरे घेऊन विश्वस्तांचे पाहुणे आत येतात. एकाने फोन वर धरलेला असतो. "आमची मुलगीही गाते, दोन ओळी ऐकता का?" आतून उत्तर येतं, "नंतर." आवाज किंचित चढलेला असतो. या एका "नंतर"वर पुढची कित्येक वर्षं माणूस ओळखला जातो.

कार्यकर्ता म्हणून मी हे आमच्याच गावी पाहिलं आहे. एक ज्येष्ठ गायिका आल्या होत्या. त्यांनी अशाच घोळक्याला स्पष्ट शब्दांत बाहेर जायला सांगितलं आणि गाव दुखावलं. रात्री जेवणं झाली. ज्यांच्या घरी त्या उतरल्या होत्या तिथे मी सामान पोचवायला गेलो, तर ओसरीवर त्या आमच्याच गावातल्या, मागे तानपुऱ्याला बसलेल्या कॉलेजच्या मुलीला समोर घेऊन बसल्या होत्या. तिची बोटं तारेवर नीट पडत नाहीत हे त्यांनी गाता गाता टिपलं होतं. मधलं बोट कुठे, तर्जनी कुठे, ओढ किती सावकाश, हे त्या हात धरून शिकवत होत्या. मध्यरात्र उलटून गेली होती. गावाला त्यांचा चढलेला आवाज ठाऊक आहे, ही ओसरी त्या मुलीला आणि मला.

कलावंताने पाळलेलं अंतर कुठून येतं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. मिरजेचा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. एका समारंभाला विष्णु दिगंबर पलुस्करांना बोलावणं आलं, त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना आलं नाही. कारण विचारल्यावर उत्तर मिळालं ते असं की, ते तर गवई. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणाऱ्या माणसाची समाजातली जागा एवढीच होती. विष्णु दिगंबरांनी १८९६ मध्ये मिरज सोडली आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गवयाला मान मिळाला पाहिजे, हा आग्रह त्यांनी पुढे आयुष्यभर धरला. तो आग्रह त्या काळी पुष्कळांना ताठा वाटला असणार, यात मला शंका नाही.

पुरुषांची ही कथा, तर गोव्याच्या कलावंत समाजातून आलेल्या स्त्रियांना काय सोसावं लागलं असेल? मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४ चा, कुर्डीचा. ते गाव आज साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. नाटक मंडळीत वाढलेली ही मुलगी अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या झाली, पुढे वैधव्य आलं, तीन मुलं पदरात होती. गाण्यावर घर चालवणाऱ्या या बाईंना आयोजकांनी कसं वागवलं, हे त्यांच्या मुलीने मुलाखतींतून सांगून ठेवलं आहे. किशोरीताई आमोणकर लहान वयापासून आईच्या मागे तानपुऱ्याला बसत. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, हॉटेलऐवजी कुणाच्या तरी घरी उतरणं, हातावर टेकवलेली तुटपुंजी बिदागी, हे सगळं त्या मुलीने पाहिलं होतं. आपण गायला लागू तेव्हा असं होऊ द्यायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं.

किशोरीताईंबद्दलच्या कहाण्या या सभागृहातल्या प्रत्येकाला पाठ असतील. त्या उशिरा येत, चिडत, श्रोत्यांना दटावत. मला त्या कहाण्यांच्या शेजारी दोन गोष्टी ठेवायच्या आहेत. एक, आत्ता सांगितलेली आईची बिदागी. दुसरी, ऐन उमेदीत काही काळ त्यांचा आवाजच गेला होता. ज्या माणसाचा आवाज एकदा जाऊन परत आला आहे, तो मैफलीआधी बोलणं टाळणारच, एसी बंद करा म्हणणारच, तानपुरा मनासारखा लागेपर्यंत उठणार नाहीच. एप्रिल २०१७ मध्ये त्या गेल्या, त्याआधी जेमतेम आठवडाभर दिल्लीत गायल्या होत्या. पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावरही तानपुरा लागण्याबाबत त्यांनी तडजोड केली नाही. अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांचा 'भिन्न षड्ज' हा माहितीपट पाहा. स्वराबद्दल बोलताना त्यांचा चेहरा कसा उजळतो, ते पाहा. आणि रघुनंदन पणशीकर, आरती अंकलीकर यांच्यासारख्या शिष्यांना त्यांनी काय दिलं, तेही ऐका.

हिराबाई बडोदेकर आणि किशोरीताई यांची तुलना आपण नेहमी करतो आणि हिराबाईंचं सोज्वळ वागणं पुढे ठेवून किशोरीताईंना कमी लेखतो. ही तुलना मला फार खुपते. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही गायिकांत हिराबाई होत्या. हातवारे नाहीत, चेहऱ्यावर शांत भाव. गाणाऱ्या बाईकडे वाईट नजरेने पाहायला सवकलेल्या समाजाला त्यांनी त्या शांतपणाने नजर खाली करायला लावली. एका पिढीनंतर किशोरीताईंनी तेच काम करड्या आवाजात केलं. लढाई एकच होती, शस्त्रं वेगळी. हिराबाईंचं शस्त्र आपल्याला सुखद वाटतं म्हणून आपण त्याला स्वभाव म्हणतो आणि दुसरीचं बोचतं म्हणून त्याला अहंकार.

आणि पुरुषांचा हिशेब आपण वेगळ्या वहीत मांडतो, हेही आज स्पष्ट बोललं पाहिजे. रहिमतखाँसाहेबांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी आपण किती मायेने सांगतो! अफूचं व्यसन, भान हरपलेली अवस्था, सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांनी त्यांना सांभाळलं, ते भूगंधर्व होते. सगळं खरं आहे आणि ती माया योग्यच आहे. पण त्यांच्या विक्षिप्तपणाच्या निम्मंसुद्धा एखाद्या बाईने केलं तर तिच्या वाट्याला ही माया येत नाही. केसरबाई केरकरांचंच घ्या. त्यांच्या करारीपणाच्या गोष्टी आजही तोंड वाकडं करून सांगितल्या जातात. शिष्या त्यांनी घेतली एकच, धोंडूताई कुलकर्णी. आवाज पूर्वीसारखा साथ देईना, तेव्हा १९६० च्या दशकात त्यांनी मैफली थांबवल्या. कमी प्रतीचं गाणं आपल्या नावावर लोकांच्या कानी जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. श्रोत्याचा याहून मोठा आदर कुठला असू शकतो, मला ठाऊक नाही. ५ सप्टेंबर १९७७ ला व्हॉयेजर-१ यान निघालं तेव्हा त्याच्यावरच्या सोन्याच्या तबकडीत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी होती. त्यानंतर अकराच दिवसांनी बाई गेल्या. त्या तबकडीसाठी निवड करणाऱ्यांनी त्यांच्या तापटपणाची चौकशी केली नाही, त्यांनी भैरवी ऐकली.

बंद दाराचं याहून मोठं उदाहरण मुंबईतच होतं. ब्रीच कँडीला अन्नपूर्णादेवींच्या दारावर सूचना होती. घंटा तीनदाच वाजवा, दार उघडलं नाही तर नाव ठेवून जा. जाहीर मैफली त्यांनी केव्हाच सोडल्या होत्या. बाहेरून परतलेल्यांनी त्यांना माणूसघाणं म्हटलं. हरिप्रसाद चौरसियांनाही त्यांनी पुन्हा पुन्हा परत पाठवलं. ते हटले नाहीत. पहिल्यापासून शिकायची तयारी दाखवण्यासाठी त्यांनी उजव्या बाजूला धरलेली बासरी डाव्या बाजूला घेतली, आणि मग दार उघडलं. आत गेलेल्यांना काय मिळालं, ते निखिल बॅनर्जींच्या सतारीत आणि नित्यानंद हळदीपूरांच्या बासरीत ऐकू येतं. शिकवण्याचे त्या पैसे घेत नसत.

आता याची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझं बोलणं एकांगी होईल. गोड वागणंही आपल्याला फसवतं, आणि त्याची किंमत दुसरेच मोजतात. चाहत्यांशी लाघवी असलेला, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवणारा एखादा मोठा कलाकार साथीदाराचं पाकीट कसं कापतो, शिष्यांना घरगड्यासारखं कसं राबवतो, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असतं. गुरुकुलांतल्या शिष्यांच्या शोषणाच्या तक्रारी अलीकडच्या काळात उघड्यावर आल्या, तेव्हा "ते असं करूच शकत नाहीत, आमच्याशी किती प्रेमाने बोलतात" असं म्हणणारे चाहतेच होते. जी दोन मिनिटं अन्नपूर्णादेवींच्या बाबतीत चुकीची साक्ष देतात, ती इथेही तशीच देतात. माणूस कसा आहे हे बघायचंच असेल तर ज्यांच्याकडून त्याला टाळी मिळायची नाही अशांशी तो कसा वागतो ते बघा. तबलजी कुठे झोपला? तानपुऱ्यावरच्या मुलीला जेवण मिळालं का? ड्रायव्हरला चहा कुणी दिला?

रंगमंचावरचा चेहराही असाच. बालगंधर्व समोर येणाऱ्या प्रत्येकाला "देवा" म्हणत, प्रेक्षकाला मायबाप मानत. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्या दिवशी त्यांची मुलगी गेली होती. प्रयोग झाला. प्रेक्षकांना त्यांची भामिनी दिसली. समोरच्या माणसाच्या आत काय चाललं आहे, हे त्या दिवशी थिएटरमध्ये कुणाला कळलं असतं?

समीक्षक मित्रांनाही एक विनंती आहे. अलीकडे मैफलीच्या वृत्तान्तात कलाकाराने किती सेल्फी दिल्या, किती हसून बोलला, याचा परिच्छेद असतो आणि जोडरागातल्या कोमल निषादाचं काय झालं याचं एक वाक्यही नसतं. जागा थोडी मिळते, हे मी जाणतो. ती थोडी जागा गाण्याला द्या.

आपण आयोजक आहोत, तेव्हा व्यवस्था बदलणं आपल्याच हातात आहे. मैफलीआधी पाऊण तास ग्रीनरूमचं दार बंद राहील आणि बाहेर एक कार्यकर्ता बसेल. देणगीदार आला तरी तो उठणार नाही. त्याची बोलणी खायची तयारी कार्यवाहाने ठेवायची. तानपुरे लावायला वेगळी, शांत, एसी बंद करता येईल अशी खोली हवी. नसेल तर हॉल घेतानाच ती मागून घ्या. साथीदारांची राहण्याची सोय आणि मानधन आधी लेखी कळवा. मैफलीनंतर गाणाऱ्याचं अंग घामाने भिजलेलं असतं, घसा तापलेला असतो, काहींनी दुपारपासून काही खाल्लेलं नसतं. आधी पाणी आणि जेवण, मग भेटी. आणि निमंत्रणाच्या पत्रात एक प्रश्न घाला: श्रोत्यांना आपण मैफलीआधी भेटू इच्छिता, नंतर, की भेटू इच्छित नाही? तिसरा पर्याय छापलेला असू द्या आणि कुणी त्यावर खूण केली तर बैठकीत त्यावरून एक शब्दही निघू देऊ नका.

या मुद्द्यांचा ठराव दुपारच्या सत्रात मांडला जाईल. मसुदा तुमच्या फायलीत आहे. साथीदारांच्या मानधनाचं कलम मला अजून कच्चं वाटतं. छोट्या गावांतल्या मंडळांनी त्यावर आपल्या अडचणी मोकळेपणाने मांडाव्यात आणि लेखी सूचना तीन वाजण्यापूर्वी कार्यवाहांकडे द्याव्यात.