छतावरची धूळ कोण मोजणार?

(राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, रायपूरजवळच्या उरला इथल्या बुद्ध विहारात तरुणांसमोर केलेलं भाषण.)



इथे बसलेल्या निम्म्या मावश्या-काकांनी मला हापशीवर पाणी भरताना पाहिलंय. त्यामुळे मोठ्या गोष्टी करणार नाही. माझी रसायनशास्त्रातल्या एमएस्सीची शेवटची परीक्षा तोंडावर आली आहे. पुढे काय, हा प्रश्न घरात रोज निघतो. तोच तुमच्यासमोर ठेवते.

आजोबा भंडाऱ्याकडून पोटासाठी रायपूरला आले. बाबा इथल्याच एका स्पंज आयर्न कारखान्यात ठेकेदाराकडे, किल्नवर काम करतात. लोहखनिज आणि कोळसा फिरत्या भट्टीत साधारण १००० अंशांवर तापवला की खनिजातला ऑक्सिजन निघून जातो आणि सच्छिद्र लोखंड उरतं. हे मी बीएस्सीला शिकले. बाबा ते वीस वर्षांपासून करताहेत. आगीचा रंग बघून ते सांगतात, आज ताप जास्त आहे. पण त्यांच्या या जाणकारीला कुणी विज्ञान म्हणत नाही. हातानं काम करणाऱ्याला डोकं नसतं, हे जातीनं आपल्याला शिकवलंय आणि आपणही ते खरं मानून बसलोय.

आता आपल्या छताकडे बघा. आई आधी काळी धूळ झाडते, मग कपडे वाळत घालते. मागे वस्तीतल्या बायका या धुळीची तक्रार घेऊन एका कार्यालयात गेल्या होत्या. मीही होते. साहेब म्हणाले, "धूळ दिसते म्हणून प्रदूषण सिद्ध होत नाही. मोजमाप कुठे आहे?" आम्ही गप्प परत आलो.

खरं तर साहेब अर्धं बरोबर बोलले होते. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ. फुफ्फुसात खोल जाते ती अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, केसाच्या जाडीहून कितीतरी लहान. ती यंत्रानंच मोजावी लागते. अशा धुळीसाठी भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ५ ची शिफारस केली. म्हणजे मर्यादासुद्धा माणसंच ठरवतात. आणि ती ठरवणाऱ्या टेबलाशी आपल्यातलं कोण बसलेलं असतं?

मेघनाद साहा बसले होते. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. कोलकात्याच्या हॉस्टेलमध्ये खालच्या जातीचा म्हणून काही मुलांनी त्यांच्यासोबत जेवायला नकार दिला. त्याच साहांनी १९२० मध्ये मांडलेल्या समीकरणामुळे ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचं तापमान काढता येऊ लागलं. पुढे १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. मला त्यांची आठवण येते ती बाबा आगीचा रंग बघतात तेव्हा.

लोक म्हणतात, विज्ञानात मेरिट लागतं, तिथे जात आणू नका. पण केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशातील आरक्षणाचा २००६ चा कायदा काढून बघा. त्याच्या परिशिष्टात काही संस्थांना आरक्षणातून सूट दिली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात आहे, अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीही आहे. या संस्था जनतेच्या पैशावर चालतात. शेतकरी-कष्टकऱ्यांच्या करातून वरच्या जातींचं शिक्षण होतं, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगाला सांगितलं होतं.

आता घरचा प्रश्न. बाबांना वाटतं, मी एखाद्या कारखान्याच्या लॅबमध्ये लागावं. पगार लगेच सुरू होईल. त्यांचं चुकत नाही, घरावर कर्ज आहे. त्यांना वाटायचं, पीएचडी म्हणजे अजून पाच वर्षं फी. मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं: सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली, तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. बाबा बराच वेळ तो कागद बघत राहिले. ही माहिती आपल्या घरांत पोहोचलेलीच नसते. बीएस्सीच्या किती मुलांना ठाऊक आहे, की जॅम नावाची परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते?

मी एक वर्ष मागून घेतलंय. नेट निघाली तर हवेतल्या धुळीवरच काम करीन. नाही निघाली तर लॅबची नोकरी धरीन. पण तिथे नमुन्याचा जो आकडा येईल, तोच वहीत लिहीन. तेव्हा नोकरीवर बेतलं, तर तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहाल ना? हे मी आजच विचारून ठेवते.

कारण एकट्यानं जमत नाही. रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं. १७ जानेवारी २०१६ ला आपण त्याला गमावलं. म्हणून आपल्यातलं कुणी मोठ्या संस्थेत गेलं, तर त्याला दर आठवड्याला फोन करा. मार्क विचारू नका. जेवलास का, कुणाशी बोलतोस का, ते विचारा.

येत्या रविवारपासून संध्याकाळी मी इथेच बसणार आहे. फॉर्म भरू, जुने पेपर सोडवू. हिंदीत शिकलात, घरी मराठी बोलता, इंग्रजीला घाबरता, तरी या. मीही तशीच होते.

धूळ आपल्या छतावर पडते. ती मोजायलाही आपणच शिकू.

जय भीम.