कुंपण आधी की रंगमंच आधी?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'व्यवस्थापन' असे सांगितले. ते ऐकून मंडळी किंचित हसली. त्यात त्यांचे काही चुकले नाही. कामगार संघटनेत उभी हयात घालविलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. व्यवस्थापन हा तर टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा विषय! परंतु आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि वाटाघाटींच्या टेबलाशी झाले. समोरचे साहेब ज्या शब्दांनी आम्हांला गप्प करीत, ते शब्द शिकून घेण्यावाचून आम्हांला गत्यंतर नव्हते. शिकल्यावर असे दिसले की, या शास्त्रातले मूळ विचार चांगले आहेत, आणि त्यांवर कोणा एका बाजूची मालकी नाही.

हे विचार कारखान्यात तपासायचे तर अडचण अशी की, कारखान्याचा कारभार फाटकाच्या आत चालतो. बाहेरच्याला दिसतो तो फक्त भोंगा. म्हणून आज आम्ही एक निराळा धंदा निवडला आहे : उघड्या मैदानावर भरणारा संगीत महोत्सव आणि तो भरविणारी कंपनी. येथे कंपनीचे सगळे शहाणपण आणि सगळा गलथानपणा तीन दिवसांत लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर येतो.

प्रथम या धंद्याचा स्वभाव पाहू. कापडाचा तागा आज खपला नाही, तर गोदामात ठेवून उद्या विकता येतो. शनिवारच्या मैफलीची रिकामी खुर्ची रविवारी विकता येत नाही. हा नाशवंत माल आहे, भाजीपेक्षाही नाशवंत. दुसरी गोष्ट खर्चाची. हिशेबशास्त्रात स्थिर खर्च आणि बदलता खर्च असे दोन भाग करतात. महोत्सवात रंगमंच, दिवे, ध्वनिक्षेपक, कलावंतांचे मानधन हा सगळा स्थिर खर्च असतो; श्रोते शंभर येवोत की लाख, तो करावाच लागतो, आणि तोही पहिला सूर लागण्यापूर्वी. म्हणजे हा धंदा मुळातच जोखमीचा. आणि जिथे जोखीम आहे तिथे आम्ही कामगार मंडळी एकच प्रश्न विचारतो : ती कोणाच्या खांद्यावर?

हेन्री फेयॉल नावाचे एक फ्रेंच खाणतज्ज्ञ होते. खाणींच्या कंपनीचा कारभार त्यांनी कित्येक वर्षे पाहिला आणि १९१६ साली आपला अनुभव ग्रंथरूपाने मांडला. व्यवस्थापकाची कामे त्यांनी पाच सांगितली : पुढचे पाहून योजना आखणे, माणसे आणि साधने जमविणे, हुकूम देणे, सर्वांच्या कामाचा मेळ घालणे, आणि ठरल्याप्रमाणे होते की नाही यावर नजर ठेवणे. आमची गृहिणी लग्नघरात ही पाचही कामे फेयॉलचे नाव न ऐकता करते. ही पाच कामे हाती घेऊन आपण अमेरिकेत जाऊ.

१९६९ साली तिशीच्या आतल्या चार तरुणांनी 'वुडस्टॉक व्हेंचर्स' नावाची कंपनी काढली : जॉन रॉबर्ट्स, जोएल रोझेनमन, मायकेल लँग आणि आर्टी कॉर्नफेल्ड. पैसा मुख्यतः रॉबर्ट्सचा, वडिलोपार्जित औषधी कंपनीतून आलेला. मूळ बेत वुडस्टॉक या गावी ध्वनिमुद्रणाची खोली बांधण्याचा होता. त्यातून महोत्सवाची कल्पना निघाली. जागा वॉलकिल गावात ठरली, तयारीही सुरू झाली. गावकऱ्यांचा विरोध असा वाढला की, १५ जुलै रोजी परवानगी नाकारली गेली. महोत्सव १५ ऑगस्टला. हाती उरला एक महिना! अखेर बेथेल येथे मॅक्स यासगर या दूधव्यावसायिकाची सहाशे एकर शेतजमीन मिळाली. ती वुडस्टॉक गावापासून साठ-सत्तर किलोमीटर दूर. नाव मात्र वुडस्टॉकच राहिले.

योजना आखणे म्हणजे काय, हे येथे समजते. ज्या गावात आपण जाणार त्या गावाची संमती हासुद्धा कच्चा माल आहे. तो न घेता यंत्र सुरू केले की यंत्र बंद पडते.

आता संख्या पाहा. बेथेलच्या अधिकाऱ्यांना पन्नास हजार माणसे येतील असे सांगितलेले. आगाऊ तिकिटेच सुमारे १,८६,००० खपली, आणि प्रत्यक्षात चार लाखांच्या वर माणूस लोटला. शौचकूप होते सुमारे सहाशे. बंदोबस्तासाठी न्यूयॉर्कचे सुटीवरचे पोलीस ठरविले होते. वरिष्ठांनी ऐनवेळी त्यांना मनाई केली. जेवणाचा ठेका नवख्या मंडळींकडे गेला. त्यांनी दर वाढविताच चिडलेल्या लोकांनी काही दुकाने पेटवून दिली. रस्ते असे तुंबले की, कलावंतांना हेलिकॉप्टरने आणावे लागले. जो कलावंत जागेवर हजर होता त्याला, रिची हेवन्सला, पहिल्यांदा उभे केले. त्याच रात्री आपले पंडित रविशंकर तेथे पावसात सतार वाजवीत होते.

परंतु या सगळ्या गोंधळात एक क्षण असा आहे की, ज्यासाठी आम्ही हा विषय निवडला. जागा उशिरा मिळाल्यामुळे शेवटच्या दिवसांत चालकांपुढे पेच पडला. एकतर कुंपण आणि तिकीटखिडक्या पुऱ्या होतील, नाहीतर रंगमंच पुरा होईल. दोन्ही होणार नाही. कुंपण नसेल तर गल्ला नाही. रंगमंच नसेल तर लाखोंचा जमाव आणि समोर काहीच नाही. त्यांनी माणसे रंगमंचाकडे वळविली. पुढे बुधवारपासूनच हजारो लोक मैदानात येऊन बसले, तेव्हा त्या निर्णयावर जणू गर्दीनेच शिक्का मारला. आगाऊ अठरा डॉलर आणि दारावर चोवीस डॉलर किमतीचे तिकीट शुक्रवारी निरुपयोगी झाले, आणि महोत्सव सर्वांना फुकट असल्याचे जाहीर करावे लागले.

व्यवस्थापनाचे पुस्तक अग्रक्रमाचे मोठे विवेचन करते. आमच्या मते अग्रक्रम वेळ भरपूर असताना कळत नाही. दोहोंपैकी एकच होणार अशी वेळ आली म्हणजे कंपनीने काय आधी केले, त्यावरून तो कळतो.

शनिवारी रात्री आणखी एक परीक्षा झाली. दोन नामांकित वाद्यवृंदांच्या व्यवस्थापकांनी पैसे हातात पडल्याशिवाय वाजविणार नाही असे कळविले. तेव्हा भर रात्री स्थानिक बँकेच्या शाखाधिकाऱ्याला उठवून, बँक उघडून, धनादेश आणले गेले. रॉबर्ट्स श्रीमंत होता, पण श्रीमंती आणि हातातली रोकड या दोन वस्तू आहेत. धंदे तोट्याने बुडतात त्यापेक्षा रोकड आटल्याने अधिक बुडतात, हे लहान दुकानदारालाही ठाऊक आहे.

येथे आम्हांला एक गोष्ट टोचते. कलावंतांना पैसे मिळाले, कारण ते नाही म्हणू शकत होते. शौचकूप साफ करणारा नाही म्हणू शकत होता काय? या महोत्सवावर १९७० साली जो चित्रपट निघाला, त्यात असा एक सफाई कामगार दिसतो. तो हसतमुखाने आपले काम करीत सांगतो की, त्याचा एक मुलगा येथे श्रोत्यांत आहे आणि दुसरा व्हिएतनाममध्ये लढतो आहे. चार लाखांच्या त्या मेळाव्यात व्यवस्थापन कोठे चालू होते असे कोणी विचारले, तर आम्ही त्या माणसाकडे बोट दाखवू. अन्न संपले तेव्हा शेजारच्या मॉंटिसेलो गावातल्या बायकांनी पाव भरून पाठविले, तेही कंपनीच्या जमाखर्चात नाही. एक सतरा वर्षांचा मुलगा झोपेत ट्रॅक्टरखाली सापडून गेला. त्याची नोंद तर कोणत्या रकान्यात करणार?

सोमवारी सकाळी जिमी हेंड्रिक्सचे वादन संपले, तेव्हा कंपनी तेरा-चौदा लाख डॉलरच्या कर्जात होती. दिवाळे काढण्याचा कायदेशीर मार्ग मोकळा होता. रॉबर्ट्सच्या घराण्याने तो घेतला नाही. देणेकऱ्यांचे पैसे भागविले. पुढे चित्रपटाचे आणि ध्वनिमुद्रिकांचे उत्पन्न येत गेले, तरी हा खड्डा भरून निघण्यास सुमारे दहा वर्षे लागली. आम्ही मालकवर्गाचे भाट नाही. पण येथे जोखीम मालकाने स्वतःच्या खांद्यावर घेतली, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो.

आता तीस वर्षे पुढे या. १९९९ च्या जुलैमध्ये त्याच नावाचा महोत्सव रोम गावच्या जुन्या विमानतळावर भरला. यावेळी कुंपण भक्कम होते. त्या चुकीतून चालक शिकले होते. सावली नसलेला तापलेला डांबरी तळ, खाण्यापिण्याचे ठेके बाहेर दिलेले, पाण्याची बाटली चार डॉलरला, फुकटच्या नळांपुढे रांगा, शौचकूप तुंबलेले. शेवटच्या रात्री आगी लागल्या आणि लुटालूट झाली. दंगल करणारे दोषी होतेच. पण खर्चावर नजर ठेवणे म्हणजे माणसांवरची नजर काढून घेणे नव्हे. येथे जोखीम श्रोत्यांच्या अंगावर ढकलली गेली.

तिसरे उदाहरण २०१७ चे, बहामा बेटांतले. 'फायर फेस्टिव्हल' नावाच्या महोत्सवाची जाहिरात आलिशान होती. तिकिटे खपली आणि पाहुणे पोचले तेव्हा तंबू आणि चिखल. चालकाला फसवणुकीबद्दल २०१८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी श्रीमंत पाहुण्यांची फजिती रंगवून छापली. परंतु त्या बेटावर रात्रंदिवस राबलेले मजूर आणि स्वयंपाकी मजुरीविना राहिले. येथे जोखीम सर्वांत खालच्या पायरीवर उतरली.

हे फार दूरचे वाटेल, तर जवळचे सांगतो. मंडप घालणारे, पेट्या उचलणारे, वायरी ओढणारे कामगार आमच्या संघटनेत आहेत. एका मोठ्या कार्यक्रमाची तिकिटे अपेक्षेइतकी खपली नाहीत, म्हणून या लोकांची पाच दिवसांची मजुरी चार महिने अडकली. प्रमुख गायकाचे पैसे मात्र तो मंचावर चढण्यापूर्वीच चुकते झाले होते. त्यानंतर करारात आम्ही एक साधे कलम आणले : निम्मी मजुरी पहिला खांब उभा करण्याआधी, उरलेली शेवटचा खांब उतरविण्याआधी. काही ठेकेदार कुरकुरले. पण ज्यांनी ते मान्य केले, त्यांना पुढच्या हंगामात माणसे शोधत फिरावे लागले नाही. विश्वास हेही खेळते भांडवल आहे.

पुण्यात १९५३ साली पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आपण जाणता. गावोगावी तसे उत्सव वाढत आहेत, कंपन्याही या क्षेत्रात आल्या आहेत. त्याचा आम्हांला आनंदच आहे. गाणे मजुरालाही हवे असते. आपल्यांपैकी अनेकजण उद्या एखाद्या समितीवर बसतील. तेव्हा अंदाजपत्रक पुढे आले, की तीन प्रश्न विचारा. ठरल्यापेक्षा दुप्पट माणसे आली तर पाणी आणि बाहेर पडण्याची वाट पुरेल काय? तिकिटे निम्मीच खपली तर मजुरी कोठून देणार? आणि वेळ अपुरी पडली तर माणसे कोणत्या कामावरून काढून कोणत्या कामावर लावणार?

या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याला आम्ही व्यवस्थापक म्हणू, मग त्याच्यापाशी पदवी असो वा नसो.