तान्ह्याच्या झोपेचा सोबती

मालेगावात रात्र पडते ती शांतता घेऊन नव्हे. मोसम नदीच्या काठी वसलेल्या या विणकरांच्या गावात १९३५ च्या सुमारास हातमागांच्या जागी विजेचे माग येऊ लागले, आणि आज कित्येक मोहल्ल्यांतून त्यांची खटखट रात्रीही चालू असते. परगावच्या पाहुण्याचा डोळा लागत नाही. परंतु भिंतीपलीकडे पाळण्यात निजलेले तान्हे मूल मात्र स्वस्थ असते. उलट शुक्रवारी, माग बंद राहतात त्या दिवशी, तेच मूल किरकिर करू लागले, तर घरच्या वडीलधाऱ्या बाईने लगेच मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढावयास बसण्याचे कारण नाही. ज्या आवाजाच्या सोबतीने त्यास झोप येते तो आवाज आज नाही, इतकाच त्याचा अर्थ असू शकेल.

या लहानशा गोष्टीत बालकाच्या झोपेचे एक मोठे रहस्य साठविलेले आहे. रात्रभर एकसारखे झोपते असे मूल बहुधा नसतेच. अमेरिकेतील टॉमस अँडर्स या मानसवैद्याने १९७९ मध्ये पाळण्यातील मुलांची रात्रभर चित्रे घेऊन केलेली पाहणी प्रसिद्ध केली. तीत असे दिसले की, ज्या मुलांविषयी आईबाप ‘रात्री उठत नाही’ असे समाधानाने सांगत, तीदेखील मध्ये मध्ये जागी होत होती. मात्र ती न रडता पुन्हा आपली आपण झोपी जात. भेद होता तो जाग येण्यात नव्हे, तर पुन्हा निजता येण्यात. झोप लागताना जे जवळ होते, तेच मूल जाग येताच शोधते. आईच्या मांडीवर निजलेल्या मुलास मध्यरात्री मांडी हवी असते. छातीशी निजलेल्यास छाती हवी असते. आणि ती माउली तर दिवसभराच्या श्रमाने थकून कोठे पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा उठून बसते.

कष्टकरी आईच्या या अडचणीतून पूर्वी फार अनर्थ झालेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या स्थितीची १९२२ च्या सुमारास सरकारने डॉ. बार्न्स या स्त्रीवैद्याकडून चौकशी करविली. त्या वेळी या बायकांच्या बहुतेक सर्व तान्ह्या मुलांस अफू दिली जात असल्याचे आढळून आले. ‘बाळागोळी’ असे त्या विषाचे गोजिरे नाव होते! त्या आया निर्दय नव्हत्या. गिरणीचा भोंगा कोणासाठी थांबत नव्हता, आणि रडत्या मुलाजवळ बसावयास घरी दुसरे कोणी नव्हते. आज बाळागोळी गेली. तथापि मूल झोपावे म्हणून त्यास खोकल्याचे औषध पाजण्याचा मोह सुशिक्षित घरांतही होतो. तोही तितकाच घातक आहे. मुलास गुंगी आणणे म्हणजे झोपविणे नव्हे.

मग यावर निरुपद्रवी उपाय कोणता? तो मुले स्वतःच दाखवून देतात. वर्षा-सव्वा वर्षाचे एखादे मूल आईच्या जुन्या लुगड्याचा पदर, ओढणीचा कोपरा किंवा गोधडीचा काठ मुठीत धरते, गालाशी घासते, नि पाहता पाहता निजते. तो तुकडा मळका असतो, त्यास आंबूस वास येतो, आणि घरची मंडळी त्यास घाणेरडी सवय म्हणून हिसकावू पाहतात. डोनल्ड विनिकॉट हे लंडनचे बालवैद्य. ब्रिटिश नभोवाणीवरून त्यांनी मातांसाठी अनेक भाषणे केली. १९५१ मध्ये वाचलेल्या एका निबंधात त्यांनी या चिंधीची बाजू घेतली. आई नि मूल एक आहेत ही भावना सुटून आई वेगळी आहे हे मुलास उमगू लागते, त्या मधल्या वाटेवरचा हा आधार होय, असे त्यांचे म्हणणे. चिंधी म्हणजे आई नव्हे हे मुलास कळते. तरी तिच्यात आईचे काही तरी आहे, हेही ते जाणते.

येथे एक रास्त शंका निघेल. आपल्याकडे मूल आईच्या कुशीतच निजते. त्यास चिंधीची गरज ती काय? शंकेत तथ्य आहे. इटलीतील रेनाटा गद्दिनी यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, खेड्यांतील आईजवळ निजणाऱ्या मुलांत असा सोबती क्वचितच आढळला, तर शहरांतील मुलांत तो पुष्कळ अधिक आढळला. ज्या घरी आई सदैव जवळ आहे, तेथे हा उपद्व्याप करण्याचे कारण नाही. परंतु जेथे आईस पाळीवर, शाळेत किंवा दवाखान्यात कामास जावे लागते आणि मूल आजीपाशी राहते, तेथे तो मोठ्या उपयोगाचा ठरतो.

त्याची सवय लावावयाची ती सावकाश. मऊ, सुती, हातरुमालाएवढा तुकडा घ्यावा आणि आईने तो एक-दोन दिवस आपल्या अंगाशी बाळगावा. कारण तान्ह्यास आईची पहिली ओळख पटते ती पुष्कळशी वासाने. मग दूध पाजताना व अंगाई म्हणताना तोच तुकडा त्याच्या हातात असू द्यावा. डोळे जड झाले, परंतु पुरते मिटले नाहीत, अशा वेळी मुलास अंथरुणावर ठेवावे. ते कुरकुरले तर जवळ बसून थोपटावे, तुकडा हाती द्यावा; मात्र प्रत्येक हुंकारासरशी उचलून घेऊ नये. दोन-चार रात्री कष्टाच्या जातील, कदाचित दोन-चार आठवडेही जातील. एकाच कापडाचे दोन तुकडे करून ते आळीपाळीने वापरावेत, म्हणजे एक धुतला तरी दुसऱ्यास ओळखीचा वास राहतो.

सावधगिरी मात्र कडक हवी. वर्ष पुरे होईपर्यंत झोपलेल्या मुलाजवळ सुटे कापड, उशी अथवा मऊ खेळणे ठेवू नये. नाकातोंडावर येऊन श्वास कोंडण्याचे भय असते. तोवर तो तुकडा मोठ्या माणसाच्या नजरेखालीच द्यावा आणि झोप लागताच काढून घ्यावा. मुलास सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर निजवावे. कापडास जर, गुंडी, नाडी किंवा सुटलेले सूत नसावे. सूत ही तर मालेगावच्या घरोघरची वस्तू! पण त्याचा एखादा धागा तान्ह्याच्या बोटास गुंडाळला गेला, तर रक्त अडून बोट सुजते. म्हणून मूल विनाकारण किंचाळू लागले, की त्याच्या हातापायांची बोटे आधी पाहावीत.

आणि ही सवय सुटावी कशी? ती सोडवावयाची नसते. शेजाऱ्यांच्या देखत हसून, किंवा ‘एवढा मोठा झालास नि अजून चिंधी?’ असे हिणवून ती सुटत नाही. उलट मूल तिला अधिकच घट्ट धरते. अंगणात सवंगडी मिळाले, शाळेची ओढ लागली, की तो तुकडा आधी उशाखाली, मग पेटीत, मग कोठे तरी कोपऱ्यात जातो. मूल त्यासाठी रडत नाही, त्याचा शोधही करीत नाही. मग एखाद्या दुपारी आजीने जुनी लुगडी काढून नवी गोधडी घालावयास घेतली, तर तो तुकडाही तीत टाके घालून बसवावा. त्याचे काम झालेले असते.