शिबिराच्या आठव्या दिवशी



स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्याचे भाषण म्हणजे नाचगाण्याआधी उरकून टाकायचे काम, हे मलाही ठाऊक आहे. मेकअप करून विंगेत उभ्या असलेल्या मुली मला इथून दिसताहेत. मी गोंदियाचा, म्हणजे तुम्हा बालाघाटकरांचा शेजारीच, त्यामुळे पाहुणा म्हणून फार वेळ खाण्याचा अधिकारही मला नाही. एकच विषय बोलतो आणि माईक सोडतो.

मघाशी अहवालवाचनात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा उल्लेख झाला. सात दिवस, दत्तक गाव, श्रमदान, प्रभातफेरी. फोटोही दाखवले. चहाच्या वेळी तुमच्यातलाच एक मुलगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘‘सर, खरं सांगा, सात दिवसांत आम्ही गावाचं काय भलं केलं?’’ मुलाने मर्मावर बोट ठेवले. त्याला चहाच्या कपाएवढ्या वेळात उत्तर देता आले नाही, ते आता दोन जुन्या हकिकती सांगून देतो.

1896-97चा दुष्काळ. आपला हा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता, राजधानी नागपूर. पाऊस दगा देऊन गेला, कोठ्या रिकाम्या झाल्या, माणसे गाव सोडून रस्त्याला लागली. त्या वेळी पुण्याहून एक बाई इकडे आल्या आणि मदतकेंद्रे पाहत हिंडल्या. पंडिता रमाबाई. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळायचे नव्हते. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण अशाच हलाखीत, अन्नावाचून गेली होती. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे 300 मुली आणि तरुण विधवा आपल्याबरोबर नेल्या. त्या काळचा रेल्वेप्रवास, सोबत मरणाला टेकलेल्या पोरी, आणि पुण्यात पोचतात तो प्लेग. नव्या माणसांना शहरात ठेवायची सोय नाही. मग त्यांनी या मुलींना केडगावला नेले.

केडगाव हे पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचे गाव. तिथे रमाबाईंनी सुमारे 100 एकर जमीन घेतली होती. त्यामागचा विचार व्यवहारी होता. शारदा सदनाला, म्हणजे मुली आणि विधवांसाठीच्या त्यांच्या शाळेला, अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षे मदत करायचे कबूल केले होते, ती मुदत 1898मध्ये संपणार होती. पुढे हात पसरायला नको, शेतावर, फळबागेवर संस्था चालावी, असा हिशेब. जिथे विहिरी खणायच्या, झाडे लावायची, तिथे एकाएकी शेकडो उपाशी मुली येऊन पडल्या. गवताच्या झोपड्या आणि तंबू उभारून सुरुवात झाली. त्यातून पुढे ‘मुक्ती’ उभी राहिली. ख्रिस्ती श्रद्धेवर चालणारे, एका चुलीवर जेवणारे, एका शेतावर राबणारे बायकांचे गावच म्हणा ना.

रमाबाईंचे चरित्र तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. मला आज सांगायचे आहे ते त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या मुलींबद्दल. या 300 जणींना सांभाळायला पगारी माणसे कुठून आणणार? शारदा सदनात आधीपासून शिकत असलेल्या थोरल्या मुली आणि विधवा पुढे झाल्या. वयाने तुमच्याएवढ्या. कोणी शिक्षिका झाली, कोणी देखरेख करणारी.

या कोण होत्या, ते नीट लक्षात घ्या. शारदा सदनातल्या बहुतेक जणी उच्चवर्णीय घरांतल्या. तिथे सोवळेओवळे पाळायची मुभा होती, स्वयंपाक त्या बेताने होई. त्यांना लिहिता-वाचता येत होते, इंग्रजीची ओळख होती. आणि समोर आलेल्या मुली नाना जातींच्या, अंगावर धड कापड नाही, डोक्यात उवा, हातापायांवर फोड. त्यांना न्हाऊमाखू घालायचे, जखमा धुवायच्या. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे त्यांना हवे तेवढे खाऊ द्यायचे नाही! फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर वाढले तर तो दगावतो. म्हणजे हात पसरून रडणाऱ्या पोरीला, समोर अन्न असताना, थोडे थोडेच द्यायचे. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ म्हणणे सोपे आहे. पोटोबाचीसुद्धा विद्या असते, आणि ती या विशीच्या मुलींना चारसहा दिवसांत शिकावी लागली.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. महाराष्ट्राचे आणि रमाबाईंचे ख्रिस्ती धर्मांतरावरून कडाक्याचे भांडण झाले. 1893मध्ये रानडे, भांडारकरांसारखी माणसेही शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली. लोकमान्यांचा ‘केसरी’ तर तुटून पडला होता. त्या भांडणात तुम्ही कुठल्या बाजूला उभे राहायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. पण ज्या दिवशी मध्य प्रांतातल्या मुली रस्त्यावर मरत होत्या, त्या दिवशी त्यांच्या जखमा धुवायला कोण होते, एवढे मात्र नोंदवून ठेवा.

आणि ते काम महिन्याभरात आटोपले नाही. 1900च्या सुमारास गुजरातेतला दुष्काळ आला आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेत, गाईगुरे, माग, तेलघाणा, छापखाना. रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणले, त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनी जुळवले. 1922मध्ये रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन केडगावला आजही आहे.

आता उलट दिशेने आलेल्या एका मराठी तरुणाची हकिकत. ही तुमच्या जास्त जवळची, कारण ती मैकलच्या डोंगरातली आहे. इथून बैहरकडे गेलात की जे डोंगर सुरू होतात, तेच.

पुण्यात ‘ख्रिस्त सेवा संघ’ नावाचा आश्रम होता. जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने 1922मध्ये हा संघ स्थापन केला. इंग्रज आणि भारतीय एकत्र राहत, खादी घालत, जमिनीवर बसून जेवत. तिथे 1927मध्ये ऑक्सफर्डचा एक हुशार तरुण आला, व्हेरिअर एल्विन, आणि गांधीजींच्या नादी लागला. त्याच संघात शामराव हिवाळे होते. जमनालाल बजाज आणि सरदार पटेल यांच्या सल्ल्याने या दोघांनी गोंडांमध्ये जाऊन राहायचे ठरवले. जानेवारी 1932 संपता संपता ते करंजियाला पोचले. अमरकंटकजवळचे हे गाव तेव्हा मंडला जिल्ह्यात होते, आता दिंडोरीत आहे.

माती-गवताची घरे, एक आश्रम, नाव संत फ्रान्सिसचे. दवाखाना, शाळा, पुढे कुष्ठरोग्यांसाठी घर. आणि मुख्य म्हणजे कोणाचाही बाप्तिस्मा करायचा नाही, असा निर्धार. नागपूरच्या बिशपांनी एल्विन यांना पाद्री म्हणून काम करण्याचा परवाना नाकारला, आणि 1935मध्ये एल्विन चर्चमधूनच बाहेर पडले. त्या पहिल्या वर्षांची रोजनिशी त्यांनी छापली आहे. वाचाल तर हसाल, कारण मोठमोठे आदर्श घेऊन गेलेल्या माणसाला जंगल कसे दिवसागणिक जमिनीवर आणते, ते त्याने स्वतःच खुसखुशीत लिहिले आहे.

ही शिकवायला गेलेली मंडळी शिकली कोणाकडून? शेतीचेच घ्या. त्या डोंगरातला बैगा आदिवासी नांगर धरत नसे. धरती आई आहे, तिच्या छातीवर नांगर कसा फिरवायचा, ही त्याची धारणा. तो बेवर करी, म्हणजे झाडोरा तोडून वाळवी, जाळी आणि राखेत कोदो-कुटकी पेरी. सरकारने ही पद्धत मोडून काढली आणि 1890मध्ये ‘बैगा चक’ म्हणून थोडी जागा तेवढी तिच्यासाठी सोडली. बाहेरून आलेला शहाणा माणूस पहिल्या दिवशी म्हणणार, ‘‘यांना नांगर शिकवा!’’ एल्विन तिथे थांबले, ऐकत राहिले, आणि 1939मध्ये त्यांनी बैगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात तुमच्या बालाघाटचेही बैगा आहेत. पुढे एल्विन ईशान्य भारतात गेले, सरकारचे सल्लागार झाले, पद्मभूषण झाले.  

शामराव मात्र राहिले. एल्विन शिलाँगला गेल्यावरही शामराव याच डोंगरात, पाटणगढला, आपल्या कुटुंबासह राहिले. दवाखाना पाहणारे, लोकांच्या तक्रारी, भांडणे ऐकून घेणारे हे ‘छोटा भाई’. परधान समाजावर त्यांनी 1946मध्ये पुस्तक लिहिले, मैकलच्या लोकगीतांच्या संग्रहावर एल्विन यांच्या जोडीला त्यांचेही नाव आहे. तरी आज या सभागृहात एल्विन हे नाव ऐकलेले दहा हात वर येतील, हिवाळे म्हटले की एकही येणार नाही. मला विचाराल तर दोघांत मोठा कोण, याचे माझे उत्तर ठरलेले आहे.

तर त्या चहाच्या वेळच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी धानाच्या बांध्या आहेत, त्यांनी रोवण्याला, म्हणजे रोपे लावायला, उतरलेला नवखा माणूस पाहिला असेल. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो मोठ्या जोमाने चिखलात शिरतो. बाया ओळीने सरसर मागे सरकत जातात, हा मध्येच एकटा उरतो. कंबर धरून उभा. त्याने लावलेला परहा उथळ बसलेला असतो, दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगताना दिसतो. बाया हसतात आणि काही न बोलता पुन्हा लावून टाकतात. पण तोच माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला, तर त्याला ओळीत जागा मिळते. केडगावच्या मुलींना ती मिळाली. शामरावांना मिळाली. बाळा, सात दिवसांत तुम्ही गावाचे काही भले केले नाही. गावाने तुम्हाला सात दिवस सांभाळून घेतले, खाऊ घातले. त्यात लाज नाही, पण हिशेब बाकी राहतो.

म्हणून प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. शिबिर तुम्ही हिवाळ्यात घेता, धान घरात आलेले असते, गावाला तुमच्याशी बोलायला सवड असते. ते चालू ठेवा. पण पुढच्या पावसाळ्यात, रोवणा ऐन भरात असताना, याच मुलांना त्याच गावात पुन्हा पाठवा. बॅनर नको, उद्घाटन नको, मलाही बोलवू नका. सरपंचांना आधी निरोप धाडा आणि कोणाच्या बांधीत हात कमी पडताहेत तेवढे विचारा.

आणि मुलांनो, जाताना डबा घरून न्या. आता विंगेतल्या मुलींचा आणखी अंत पाहत नाही.