झेंडा कोणाचा, किल्ल्या कोणाच्या?



साम्राज्यशाही म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तोफ उभी राहते. पण तोफ येते शेवटी; आधी येतो सावकार! हे कुणब्याच्या पोराला पोथी वाचून कळावं लागत नाही.

इजिप्तचंच पाहा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्या तेजीनं मुंबईत शेअरांचा फुगा फुगला आणि १८६५ साली फुटला. इजिप्तच्या कापसालाही सोन्याचा भाव आला होता. तिथला सत्ताधीश इस्माईल पाशा याने युरोपच्या पेढ्यांकडून कर्जावर कर्ज काढलं. तेजी सरली, कर्ज उरलं. जुनं फेडायला नवं, हा फेरा सुरू झाला. १८७५ साली सुवेझ कालव्यातले आपले भाग त्याला इंग्लंडला सुमारे ४० लाख पौंडांना विकावे लागले. १८७६ साली दिवाळं वाजलं आणि इंग्रज-फ्रेंच कारभारी खजिन्यावर येऊन बसले. घाम फेल्लाहचा, म्हणजे तिथल्या कुणब्याचा, व्याज लंडन-पॅरिसचं!

खेड्यातून आलेला लष्करी अधिकारी अहमद उराबी याविरुद्ध उठला. तेव्हा, जुलै १८८२ मध्ये, इंग्रजी आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. सप्टेंबरात उराबीचा पाडाव झाला. त्या मोहिमेत हिंदी पलटणीही नेल्या होत्या. एका गुलामाच्या हातून दुसऱ्याला बांधलं!

आणि गंमत ऐका. १९१४ पर्यंत नावाला तो मुलूख तुर्की सुलतानाचा, गादीवर खेदिव, आणि हुकूम चाले इंग्रज वकिलाचा. झेंडा एकाचा, गादी दुसऱ्याची, किल्ल्या तिसऱ्याच्या!

रोझा लुक्झेंबुर्गने १९१३ साली आपल्या ग्रंथात या कर्जांची कहाणी मांडली. भांडवलाला घरचा बाजार पुरत नाही, म्हणून ते शेतकरी मुलखांत शिरतं, असं तिचं म्हणणं. ते सगळ्याच मार्क्सवाद्यांना पटलं नाही. लेनिनने १९१६ साली बोट ठेवलं ते बँका आणि कारखाने यांच्या मक्तेदार युतीवर: मालापेक्षा भांडवलाची निर्यात वाढते, जग वाटून संपतं, मग फेरवाटणीसाठी युद्ध! कौत्स्की १९१४ साली म्हणाला होता की, बडी राष्ट्रं संगनमतानेही लुटू शकतील.

आता कुणी विचारील, भांडवलाला देश नाही, मग त्याला सरकार कशाला? अहो, वसुलीला बेलीफ लागतो! जप्तीचा हुकूम लागतो, हुकमामागे शिपाई लागतो. ते सारं सरकारच पुरवतं.

२६ जुलै १९५६ रोजी नासरने कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला. इस्रायल, इंग्लंड, फ्रान्स चालून आले. पण पौंड घसरू लागला, तो सावरायला अमेरिकेने मदत नाकारली, आणि डिसेंबरात इंग्रज-फ्रेंच फौजा परत गेल्या. म्हणजे दोस्तांत भांडण असतं हे लेनिनचं खरं. आणि बडा सावकार धाकट्यांना दटावून एका दावणीला बांधतो, हेही खोटं नाही. तोफा होत्या, पण साम्राज्याचे गुडघे टेकले ते तिजोरीपाशी!

१९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला तेव्हा त्यात ५१ देश होते. आज १९३ आहेत. ही लहान गोष्ट नव्हे. एकेका झेंड्यासाठी माणसं मेली आहेत. म्हणून झेंडा चढला की टाळ्या जरूर वाजवा. पण टाळ्या थांबल्या की विचारा: बाबांनो, कर्जाच्या करारावर सही कुणाची, आणि तिजोरीच्या किल्ल्या कुणाच्या कनवटीला?