जुन्या पोर्शेचे दोन सेन्सर

१९८२ ते १९९१ या काळात बनलेली पोर्शे ९४४ स्टार्टर फिरूनही सुरू होत नसेल, तर आरपीएम मीटरचा काटा पाहावा. स्टार्टर फिरताना तो जरासा थरथरला, तर फ्लायव्हीलजवळचा वेगाचा सेन्सर बहुधा शाबूत आहे; मग इंधन पंपाचा रिले आधी तपासावा. काटा निपचित पडून राहिला, तर संशय सेन्सरवर. तिथे दोन सेन्सर शेजारी असतात: एक फ्लायव्हीलचे दाते मोजतो, दुसरा पिस्टनची स्थिती सांगतो. माझं मत, दोन्ही एकत्रच बदलावेत. एक चालतोय तर विनाकारण खर्च कशाला, हा आक्षेप रास्तच. पण दोन्हींनी उष्णता सारखीच सोसलेली असते, आणि तापून ठिसूळ झालेला वायरीचा प्लग हात लागताच तुटतो. खरी कसोटी अंतराची. सेन्सरचं टोक आणि फ्लायव्हील यांत साधारण ०.८ मिलिमीटर फट हवी. जास्त झाली तर संकेत क्षीण, कमी झाली तर टोकच घासून फुटतं. आणि दिसायला सारखे असलेले प्लग जोडताना अदलाबदल झाली, तर नव्या सेन्सरनिशीही इंजिन गप्पच राहतं. म्हणून जुने काढण्याआधीच वायरींवर खुणेच्या चिठ्ठ्या बांधाव्यात.